ट्रायडंट टी१५०व्ही: मधला पिस्टन, तेल आणि तीन कार्ब्युरेटर (सातारा-सांगली)

यवतेश्वर

साताऱ्यात एक ट्रायम्फ ट्रायडंट टी१५०व्ही (तीन सिलिंडरची जुनी ब्रिटिश मोटरसायकल) पूर्ण उघडून बाकावर ठेवली आहे. इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर एकच, सुरुवात सी-एच या अक्षरांनी, म्हणजे मार्च १९७३. पाच गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम. गाडी बरीच वर्षं एका जागी उभी होती.

आत दिसलेलं असं: दोन्ही कडेचे पिस्टन बरे आहेत. मधल्या पिस्टनची एक्झॉस्टच्या बाजूची कड खाल्लेली आहे, वरच्या रिंगेखालचा खाचेचा भाग तुटलाय आणि माथ्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत. बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भोकाला) उभे ओरखडे. संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या खोलगट भागात) काळा गाळ आणि त्यात चकचकीत कण. तिन्ही अमल कार्ब्युरेटर आतून हिरवे पडलेत.

रंग, क्रोम, सीट हे सगळं नंतर. आधी इंजिन. नेमका मधलाच पिस्टन का गेला, ते कळल्याशिवाय नवे पिस्टन बसवायचे नाहीत. बोअर आणि क्रँकचं (पिस्टनची वरखाली गती फिरती करणाऱ्या दांड्याचं) काम सांगली-कोल्हापूर पट्ट्यात करायचा विचार आहे. जाणकारांनी क्रमाने सांगावं.

टूलरूम_कुपवाड

आधी पिस्टन वाचू. माथ्याच्या मध्यभागी वितळून आरपार भोक पडलं असेल, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटत होतं; त्यात प्लग चुकीचा किंवा कार्बन लालबुंद होणं ही नेहमीची कारणं. तुमच्याकडे कड खाल्लेली, बारीक खड्डे आणि रिंगेखालचा भाग तुटलेला. हे डेटोनेशन (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण एकदम भडकणं), आपल्या भाषेत इंजिन 'नॉक' करत होतं. कारणं दोन: त्या एकाच सिलिंडरचं टायमिंग पुढे गेलेलं (ठिणगी वेळेआधी पडणारी), किंवा त्या एकाच सिलिंडरला पेट्रोल कमी पडत होतं. बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं.

मधलाच का, तर त्याच्या दोन्ही बाजूंना तापलेले शेजारी आहेत आणि टी१५० च्या फ्रेमची पुढची एकेरी नळी बरोबर त्याच्या समोर येते. सगळ्यात कमी वारा त्यालाच. कडेच्या सिलिंडरना तीन-चार अंशांची चूक पचते, त्याला पचत नाही. पण म्हणून 'या गाडीचा मधला सिलिंडर जातोच' असं म्हणून सोडून देऊ नका. टायमिंग आणि मिश्रण तिन्हींना सारखं असेल तर तो व्यवस्थित टिकतो. याच इंजिनाच्या 'स्लिपरी सॅम' या गाडीने आयल ऑफ मॅनची प्रॉडक्शन टीटी १९७१ ते १९७५ अशी सलग पाच वर्षं जिंकली. रचनेत खोट असती तर ते जमलं नसतं.

आता मापं. मूळ बोअर ६७ मिमी, स्ट्रोक ७० मिमी. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजा: एकदा पुढून मागे, एकदा डावीकडून उजवीकडे. ओरखडा नखाला लागत असेल तर होनिंगने (नुसतं दगडाने घासून) भागणार नाही, बोअरच करावा लागेल. ओव्हरसाइज पिस्टन इंचाच्या हिशेबात मिळतात: १० थाऊ, २० थाऊ, ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एक सिलिंडर वाढवला की तिन्ही त्याच मापाचे करा. वेगवेगळ्या वजनाचे पिस्टन या इंजिनात नकोत. १२० अंशांच्या क्रँकमुळे वरखाली होणारी बलं एकमेकांना सांभाळून घेतात, ते संतुलन वजनात फरक पडला की बिघडतं.

आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर करायला द्या. उलटं करू नका. क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला धरायचा, कारण ओतीव आणि फोर्ज केलेल्या पिस्टनचं गरम झाल्यावरचं फुगणं वेगळं असतं.

ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि आत लोखंडी लायनर दाबून बसवलेले आहेत. बोअर करण्याआधी ब्लॉक भट्टीत हळू तापवा आणि एखादा लायनर सरकतोय का ते पहा. लायनर सैल असेल तर बोअरचं काम वाया गेलंच म्हणून समजा, कारण सैल लायनर ब्लॉकला उष्णता नीट देत नाही आणि तो पिस्टन पुन्हा तापतो. मधल्याकडे मुद्दाम लक्ष द्या.

रिंगांची फट: बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ हा जुना हिशेब. ६७ मिमी म्हणजे २.६४ इंच, म्हणजे साधारण साडेदहा थाऊ, ०.२७ मिमी. रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवा, मग फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. कमी असेल तर रिंगेचं एक टोक बारीक कानशीने घासा, कड मोडून टाका.

यवतेश्वर

धन्यवाद दादा. क्रँकचे बिग-एंड जर्नल (कनेक्टिंग रॉड जिथे बसतात ते गोल भाग) ओरखडलेत. कोल्हापुरात ट्रॅक्टरचे क्रँक ग्राइंड करणारे आहेत, त्यांना हे जमेल का?

टूलरूम_कुपवाड

यंत्र तेच, हातही तयार आहेत. पण एक गोष्ट कागदावर लिहून द्या: जर्नल आणि वेबच्या (जर्नलांना जोडणाऱ्या बाजूच्या) कोपऱ्यातली गोलाई जशी आहे तशीच राहिली पाहिजे. चाक ड्रेस न करता धारदार कोपरा आला, तर क्रँकला तिथूनच तडा जातो. हा क्रँक एका पातळीत फोर्ज करून, पुन्हा तापवून १२० अंशांना पिळलेला आहे. बदली क्रँक शोधायला गेलात तर वर्ष जाईल.

ग्राइंडिंग १० थाऊ खाली, तिन्ही जर्नल सारखे. मधले दोन मेन बेअरिंग शेलचे (पातळ अर्धगोल पट्ट्यांचे) आहेत, त्यांचे जर्नलही त्याच वेळी मोजून घ्या. ग्राइंडिंग झाल्यावर क्रँकच्या तेलाच्या वाटा तारेने, मग डिझेलने, मग कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. ग्राइंडिंगची भुकटी आत राहिली तर पहिल्या किकलाच नवा शेल खरवडला जाईल.

कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. त्यांच्यावर पंचाने खूण करू नका, कानस लावू नका. नंबर मार्करने लिहा. बोल्ट आणि नट नवेच, जुने पुन्हा वापरायचे नाहीत.

क्रँककेसला सँडब्लास्टिंग किंवा काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग अजिबात नको. बाहेरून चकाकतं, पण मणी तेलाच्या वाटांत आणि आट्यांत अडकून बसतात आणि पुढे एकेक करून सुटतात. डिझेल, ब्रश आणि वेळ. केस तीन भागांत उभी विभागलेली आहे, जोडांवर कागदी गॅस्केट नाही. न कडक होणारं सीलंट बोटाने पातळ फासायचं. ट्यूब दाबून जाड रेघ मारली तर आतली जादा गोळी सुटून थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसते.

अजिंक्यतारा

कुपवाडच्या दादांचं सगळं मान्य. एक गोष्ट पुढे नेतो, कारण ती जवळजवळ सगळेच विसरतात: ऑइल कूलर.

हे ड्राय संप इंजिन आहे. तेल वेगळ्या टाकीत, पंपाचे दोन भाग: एक तेल इंजिनला देतो, दुसरा संपमधून ओढून टाकीकडे परत पाठवतो, आणि त्या फेऱ्यात कूलर. पिस्टनचे तुकडे झाले की अ‍ॅल्युमिनियमचे कण कूलरच्या बारीक नळ्यांत आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. इंजिन नवं केलं, टाकी वरवर पुसली, कूलर तसाच बसवला, की तेच कण नव्या शेलमध्ये. तुमच्या संपमध्ये चकचकीत कण दिसलेत, म्हणजे कूलरमध्येही आहेतच. धुऊन पुरता साफ होत नाही. बदला. टाकी उतरवून आत डिझेल आणि मूठभर स्वच्छ बारीक नट घालून हलवा, रिकामी करा, पांढऱ्या फडक्यावर ओतून पहा. फडक्यावर काहीही न दिसेपर्यंत. तेलाच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या.

पंप उघडून गिअरच्या कडेच्या आणि झाकणाच्या पृष्ठभागावरचे ओरखडे तपासा. नख अडकलं तर तो पंप दाब देणार नाही. पंप केसला जिथे टेकतो तिथली प्रत्येक ओ-रिंग नवी. तिथली ओ-रिंग चपटी झाली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

तेल २०डब्ल्यू-५० मिनरल. या गाडीचा क्लच बोर्ग अँड बेकचा कोरडा, एका प्लेटचा, डायफ्रामवाला आहे. त्यामुळे ओल्या क्लचच्या बाइकसाठीच्या तेलाचं बंधन नाही. पण कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) घासत चालतात, म्हणून ज्या तेलात जस्त-फॉस्फरसचं प्रमाण चांगलं आहे ते घ्या. आजच्या मोटारींच्या पातळ तेलांत ते कमी केलेलं असतं. त्याचबरोबर क्लच कोरडा असल्यामुळे मधलं सील गळलं की तेल प्लेटवर जातं आणि गाडी तिसऱ्या-चौथ्यात घसरायला लागते. केस उघडलीच आहे, तर ती सीलं आत्ताच बदला. नंतर त्यासाठी प्रायमरी पुन्हा उघडावी लागेल.

ऑइल प्रेशरच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवू नका. तो फार कमी दाबालाच विझतो. काही काळासाठी तरी गेज जोडा.

कोरेगाव

गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं तेल संपमध्ये उतरतं, हे इथे नव्याने आलेल्यांसाठी लिहून ठेवतो. पंपातून आणि झडपेतून ते हळूहळू झिरपतं. मग किक मारली की क्रँक तेलात बुडालेला, ब्रीदरमधून तेल बाहेर, सायलेन्सरमधून निळा धूर, आणि लोक म्हणतात रिंगा गेल्या. रिंगा ठीक असतात. सुरू करण्याआधी टाकीत काठी घालून पातळी पहा. खाली गेली असेल तर संपचा प्लग काढून तेल मोजून बाहेर काढा आणि तेवढंच टाकीत घाला. तेल नळीवर तोटी बसवण्याचा सल्ला बरेच देतात. माझं मत विरुद्ध आहे. एकदा तोटी उघडायची राहिली की शेल गेले.

वायरमन_सांगलीवाडी

इग्निशनवर लिहितो, कारण मधल्या पिस्टनचं निम्मं उत्तर तिथे आहे.

मूळ व्यवस्थेत तीन पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क), तीन कंडेन्सर, तीन कॉइल. फायरिंग क्रम १-३-२, क्रँकच्या दर २४० अंशांना एक ठिणगी. पूर्ण अ‍ॅडव्हान्सला (वेग वाढल्यावर ठिणगी सगळ्यात लवकर पडते तेव्हा) टायमिंग टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या, ३८ अंश आधी. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी.

अडचण अशी, की प्रत्येक पॉइंटला स्वतःची छोटी प्लेट आहे. मुख्य प्लेट फिरवून एका सिलिंडरचं बरोबर केलं आणि 'झालं' म्हटलं, तर बाकीचे दोन कुठे आहेत ते कुणालाच माहीत नसतं. मधला चार अंश पुढे असू शकतो. आवाजावरून कळत नाही, गाडी उलट जरा चपळच वाटते.

क्रम असा ठेवा. रोटरवर आधीपासून असलेल्या खुणेवर विसंबू नका. क्रँकला डिग्री डिस्क लावा. प्लगच्या भोकातून पिस्टन-स्टॉप घालून एकदा सरळ, एकदा उलट फिरवा, दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. तिथून ३८ अंश मागे पांढऱ्या रंगाची खूण, आणि १२०-१२० अंशांवर बाकीच्या दोन. मग तिन्ही पॉइंटची फट सारखी करा. फट नंतर बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून हे आधीच. त्यानंतर इंजिन चालू करून ३,००० च्या वर स्ट्रोब लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) पहिला सिलिंडर मुख्य प्लेटने, बाकीचे दोन फक्त आपापल्या छोट्या प्लेटने जुळवा. शेवटी पहिला पुन्हा तपासा.

स्ट्रोबमध्ये खूण एका जागी न थांबता नाचत असेल, तर प्लेट फिरवत बसू नका. ऑटो-अ‍ॅडव्हान्सची बुश झिजली आहे किंवा तिचे स्प्रिंग ढिले झालेत.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर पॉइंटची झीज आणि फटीची भानगड जाते. माझा कौल तिकडेच. मात्र बॅटरी कमी झाली की काही जुन्या पद्धतीच्या संचांचं टायमिंग भरकटतं, म्हणून चार्जिंग आधी नीट करा. कॉइल किती व्होल्टच्या आणि कशा जोडायच्या ते संचाबरोबरच्या कागदातच पहा. जुन्या कॉइल तशाच लावून संच जाळू नका.

अल्टरनेटरच्या रोटर आणि स्टेटरमध्ये चहूबाजूंनी किमान ०.२ मिमी फट हवी, फीलरने सगळीकडे तपासा. रोटरचा मधला पोलादी गाभा बाहेरच्या भागात सैल झाला असेल तर रोटर बाद. त्याचा ठकठक आवाज बिग-एंडसारखा येतो आणि नाहक इंजिन उघडलं जातं.

या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे. बॅटरीचं अधिक टोक फ्रेमला. एलईडी, मोबाइल चार्जर, नवा रेग्युलेटर, काहीही लावताना हे डोक्यात ठेवा. उलटं जोडलं तर रेक्टिफायर जागेवर जातो.

आणि सांगलीकरांसाठी: २००५, २०१९, २०२१ च्या पुरात बुडालेली जुनी गाडी कुणी विकत असेल तर ती किक मारून दाखवायला सांगू नका. गाळ पॉइंटच्या घरात आणि तेलात असतो. पूर्ण उघडायच्या हिशेबानेच भाव करा.

पसरणी_घाट

पॉइंटबद्दल थोडं वेगळं म्हणतो. रस्त्यात पॉइंट बिघडला तर वाईच्या कोणत्याही गॅरेजात पॉलिश पेपर मिळतो. इलेक्ट्रॉनिक डबा गेला तर गाडी टेम्पोत.

वायरमन_सांगलीवाडी

@पसरणी_घाट, मुद्दा बरोबर आहे, लांब जाणाऱ्याने जुनी प्लेट जुळवून पिशवीत ठेवावी. पण तुटलेल्या पिस्टनची गाडी उभी करताना मी तीन वेगवेगळ्या पॉइंटवर जुगार खेळणार नाही.

मिरज_जंक्शन

आता कार्ब्युरेटर. तीन अमल कॉन्सेंट्रिक ६२६, मूळ मेन जेट १५०, नीडल जेट १०६.

हिरवे पडलेत म्हणजे पायलट जेट नक्की बंद. ती स्वतंत्र काढता येत नाही. पायलट एअर स्क्रूच्या भोकातून आत खोल दाबून बसवलेली बुश आहे. नुसता क्लीनर फवारून सुटत नाही. भोक सुमारे ०.४ मिमीचं, ७८ नंबरच्या ड्रिलचं माप. मिरजेत सतारमेकर गल्लीत ०.३ मिमीची पोलादी तार सहज मिळते, तिचा सरळ तुकडा एअर स्क्रूच्या भोकातून आत घाला, हळू फिरवा, मग हवा मारा. ड्रिल घातलंत तर हातानेच, भोक मोठं होता कामा नये. एअर स्क्रू सुरुवातीला दीड फेरी बाहेर.

बॉडी आणि स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त उघडणारा भाग) एकाच मऊ धातूचे, दोन्ही झिजतात. स्लाइड खाली ठेवून हलवा, टकटक वाजत असेल तर आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही. कडक अ‍ॅनोडाइज केलेली स्लाइड घ्या. फ्लँजचे नट फार आवळले की बॉडी वाकते आणि स्लाइड अडकते, म्हणून काचेवर एमरी ठेवून फ्लँज सपाट आहे का पहा, आणि नट नेमके बसेपर्यंतच आवळा.

तिन्ही स्लाइड एकाच आडव्या दांड्याने उचलल्या जातात. जुळवायला एकाच मापाचे तीन ड्रिल घ्या, शँकची (गुळगुळीत) बाजू, साधारण ३ मिमी. प्रत्येक स्लाइडखाली एक ठेवा आणि दांड्याचे स्क्रू असे लावा की तिन्ही ड्रिल सारख्याच घट्टपणे सरकतील. स्लाइड नुसत्या बंद ठेवून जुळवलं तर ते आयडलपुरतंच जुळतं.

मधल्या सिलिंडरकडे परत. मॅनिफोल्ड आणि हेडमधली छोटी रबरी नळकांडी पन्नास वर्षांत कडक होऊन चिरतात. चिरेतून हवा आत, त्या सिलिंडरला पेट्रोल कमी, पिस्टन तापला. इंजिन आयडलवर ठेवून त्या जोडांवर पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. पेट्रोल फवारू नका, एक्झॉस्ट शेजारीच आहे. पण माझं स्पष्ट म्हणणं, तपासत बसू नका, तिन्ही रबरं आणि क्लिपा नव्याच घाला.

पसरणी_घाट

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल कुणी बोललं नाही. जवळजवळ सगळ्या पंपांवर तेच मिळतंय. मेन जेट बदलायची का?

मिरज_जंक्शन

हो, बदलायची. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.६ भाग हवा, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तीच जेट ठेवली तर गाडी सात-आठ टक्के पेट्रोल कमी घेऊन चालते. अमल मेन जेटचा आकडा म्हणजे मिनिटाला किती घनसेंटीमीटर इंधन वाहतं तो आकडा, त्यामुळे हिशेब सरळ आहे: १५० वरून १६० म्हणजे सुमारे पावणेसात टक्के वाढ. तिथून सुरू करा. नीडलची क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर. रोजचं बहुतेक चालणं अर्ध्या थ्रॉटलच्या आत होतं, तिथे मेन जेट नाही, नीडलच काम करते.

ज्यांनी हे केलं नाही आणि मूळच्या आकड्यांवर गाडी चालवली, त्यांचा मधला पिस्टन आधी जाणार. 

ई-२० ला इतरही पथ्यं आहेत. फ्लोट नव्या प्रकारचा, इथेनॉल सोसणारा. फ्लोट नीडलचं टोक व्हिटनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं). पेट्रोलची नळी इथेनॉलसाठीची. टाकीत कुणी जुनं सीलंट ओतलं असेल तर ते विरघळून जेटमध्ये येईल, त्यामुळे आधी ते काढून टाका. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलची तोटी बंद करून तिन्ही फ्लोट बाउल रिकामे करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

कोरेगाव

मधल्या कार्ब्युरेटरला १७० आणि कडेच्यांना १६० असं काही जण लावतात. मधला थंड राहतो म्हणतात.

मिरज_जंक्शन

आधी हवेची गळती नाही, टायमिंग तिन्हींचं एक आहे, फ्लोटची पातळी तिन्हीकडे सारखी आहे, एवढं सिद्ध करा. त्यानंतरही मधला प्लग इतरांपेक्षा पांढरा दिसला तर एक पायरी वर जा. आधीच १७० लावली तर चिरलेलं रबर झाकलं जातं, आणि चीर वाढत राहते.

उंचीचाही प्रश्न येईल म्हणून: सातारा समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटर, महाबळेश्वर सुमारे १,३५०. तेवढ्या चढाने हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते आणि मिश्रण तीनेक टक्के दाट. तेवढ्यासाठी जेट बदलू नका. घाटात वरच्या टोकाला जरा जड वाटेल, पण इंजिन सुरक्षित आहे. सांगलीला उतरताना मात्र हवा दाट होते आणि मिश्रण पातळ, म्हणून जेट ठरवायची ती खालच्या गावच्या चालीवर.

टूलरूम_कुपवाड

हेडचं राहिलं. व्हॉल्व्ह गाइडमध्ये व्हॉल्व्ह वर उचलून डावीउजवीकडे हलवून पहा. एक्झॉस्टचे गाइड आधी झिजतात. गाइड बदलला की व्हॉल्व्हची बैठक (सीट) पुन्हा कापावीच लागते, कारण नवा गाइड जुन्या सीटशी एका रेषेत बसत नाही. नुसतं घोटून भागवू नका.

पुशरॉडच्या नळ्यांच्या वरच्या-खालच्या सीलं बसवताना हेड आधी गॅस्केटसह पण सीलंटशिवाय ठेवून पहा. सील किंचित दाबली गेली पाहिजे. जास्त जाड असेल तर हेड सीलवर टेकतं, गॅस्केटवर दाब येत नाही आणि पहिल्या आठवड्यात गॅस्केट फुंकलं जातं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

टॅपेट थंड इंजिनवर: इनलेट ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका, मागचं चाक हाताने फिरवा. ज्या सिलिंडरचे टॅपेट लावायचे तो कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणा.

आणि पाने. गाडीवर इंची ए/एफ (समोरासमोरच्या कडांमधल्या इंची मापाचे) नट आहेत आणि काही ठिकाणी जुने ब्रिटिश सायकल आटे, इंचाला २६. तेराचा मेट्रिक पाना 'बसतो' म्हणून लावला की कोपरे गोल होतात. बोल्ट हाताने दोन-तीन फेरे सहज गेला नाही तर तो त्या आट्याचा नाही. जबरदस्ती केली तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि हेलिकॉइल (आट्यांची तारेची गुंडाळी) घालावी लागते.

अजिंक्यतारा

ब्रेकबद्दल दोन ओळी, यवतेश्वर-कासचा पाऊस लक्षात घेऊन. मूळ पुढच्या डिस्कवर कडक क्रोम आहे. कोरड्यात ठीक, ओल्यात पहिला क्षणभर ब्रेक लागतच नाही. ग्राइंडिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंचं क्रोम सारखं काढून घ्या, बाजू एकमेकींना समांतर राहिल्या पाहिजेत. कॅलिपरचे पिस्टन गंजून क्रोम सुटलेलं असतं, स्टेनलेसचे घाला. ब्रेक ऑइल डॉट-४, दर दोन वर्षांनी बदला.

यवतेश्वर

कळलं. क्रम असा धरतो: कूलर आणि पंप, क्रँक, पिस्टन आल्यावर बोअर, मग रबरं-जेट, मग इग्निशन. नोंदणीचं एक. गाडीचं आरसी बुक चालू आहे, पण पन्नास वर्षं पूर्ण झालीत. व्हिंटेज नोंदणी करावी का?

कोरेगाव

२०२१ च्या नियमांत नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. पहिली नोंदणी दहा वर्षांसाठी २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००. पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. चालू आरसी असेल आणि कासपर्यंत चक्कर मारायची असेल तर घाई करू नका. आरटीओत विचारून मगच.

अजिंक्यतारा

पहिल्यांदा सुरू करतानाचं लिहून ठेवतो, म्हणजे धागा शोधणाऱ्यांना एकाच जागी सापडेल.

नवा फिल्टर, टाकीत तेल. प्लग काढलेले. रॉकरच्या झाकणांतून प्रत्येक कॅम-टॅपेटवर तेल ओता. किक हळूहळू मारत रहा, गेजवर दाब चढेपर्यंत आणि टाकीत परत येणारी धार दिसेपर्यंत. त्याआधी प्लग लावायचे नाहीत. सुरू झाल्यावर आयडलवर घुटमळत ठेवू नका, कॅम तेलाच्या शिंतोड्यांवर जगतात. २,००० च्या आसपास ठेवा, समोर मोठा पंखा लावा. पूर्ण गार झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क करा आणि टॅपेट पुन्हा लावा, कारण हेड बसलं की फट कमी होते. ३०० किमीला तेल-फिल्टर, फिल्टर कापून आत काय अडकलंय ते पहा. पुढे दर २,००० किमीला.

रिंगा बसवायला गाडी हळूच चालवणं चुकीचं. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ओढायला लावू नका, आणि एकसारखा थ्रॉटलही नको. अर्धा थ्रॉटल देऊन सोडा, पुन्हा द्या. हायवेपेक्षा सातारा-कोरेगाव रस्ता याला चांगला.

मिरज_जंक्शन

त्यात एवढंच जोडतो. दोनशे किमीनंतर यवतेश्वरचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून चढा, वर पोचण्याआधी रस्ता मोकळा असेल तिथे क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा, थांबा आणि तिन्ही प्लग काढा. आयडलवर घरी आणून पाहिलेला प्लग फक्त आयडलच सांगतो. ई-२० वर चिनीमातीचा रंग नेहमीपेक्षा पांढराच असतो, त्याने घाबरू नका. आत अगदी तळाशी, जिथे चिनीमाती धातूला मिळते तिथली कडी पहा, टॉर्च लागेल. तिन्हींच्या कड्या सारख्या तपकिरी हव्यात. मधल्याची कडी दिसतच नसेल किंवा चिनीमातीवर चांदीसारखे बारीक ठिपके असतील, तर गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये खाली आणा, चालवू नका. ते ठिपके पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे.

यवतेश्वर

नोंद केली. कूलर आणि रबरांची ऑर्डर आजच टाकतो. पिस्टन हातात आले की मापांसह इथेच लिहीन.